गायकवाडच्या फोटोबाबत

विषय : श्री. गायकवाड, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, विधुर, राहणार कळवा, यांनी विवाह मंडळाकरिता स्टुडिओत जाऊन चांगला फोटो काढून घेणेबाबत.

आम्ही कारकून रिटायर झालो, सवयी मात्र अजून सेवेत आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर भेटतो आणि किस्से फायलींसारखे साचत जातात. फरक इतकाच, की हे कुणीतरी उघडून बघतं! सध्या सगळ्यांत जाड फाईल गायकवाडची.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून कामावरून उशिरा येतात. "जेवताना समोर बोलणारं कुणी असावं, एवढंच रे," तो म्हणाला आणि त्याने मागे वळून बघितलं. विवाह मंडळात नाव घातल्याचं मुलाला सांगितलेलं नव्हतं. त्यात मंडळाच्या बाईंनी बजावलेलं, "मोबाईलवरचा फोटो चालणार नाही. पहिला नकार फोटोलाच येतो!"

तेव्हापासून गड्याची झोप उडाली.

*

आधी केस. सलूनमधून आला तेव्हा केस काळे, मिशी काळी आणि अर्धं कपाळही काळं.

म्हात्रे आमच्यातला कोलशेतचा. बापजाद्यांच्या जमिनीवर टॉवर उभा आहे, त्यामुळे बोलायला घाबरत नाही. "आरं, डाय लावलास का टोपी घातलीस?"

"निघेल ना रे? रविवारी फोटो आहे!"

आम्ही घासलं. कपाळ लाल झालं.

*

मग कोट. म्हात्रेने मुलाच्या लग्नात शिवलेला ब्लेझर आणला. त्यात गायकवाड मावून शेजाऱ्यालाही जागा उरली. पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावून आम्ही कोट अंगाबरोबर आणला.

"हलू नकोस, सुटतील," मी म्हणालो.

"आणि श्वास?"

"फोटो झाल्यावर."

म्हात्रे गळ्यातली जाड चेन काढून द्यायला लागला. गायकवाड म्हणाला, "नको बाबा. तिकडून तुलाच होकार यायचा!"

*

खरी अडचण हसण्याची. उभ्या नोकरीत हा काउंटरवर हसला नव्हता. हसलं की लोक काम सांगतात. त्यामुळे आरशासमोर सराव सुरू झाला. सून प्राचीने दारातून पाहिलं आणि किंचाळली, "अहो, बाबांचं तोंड वाकडं होतंय!"

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर अनवाणी धावत आले. हात वर करा, जीभ दाखवा! बीपी तर खरंच चढलेलं. मुलगा अँब्युलन्सला फोन लावत होता.

"लावू नकोस," गायकवाड म्हणाला. "मी हसत होतो."

"का?"

आता सगळं सांगणं आलं. मुलगा गॅलरीत गेला. प्राचीने डॉक्टरांना दारापर्यंत पोचवलं. मग म्हणाली, "बाबा, त्या ब्लेझरला इस्त्री तरी आहे का?"

*

डोंबिवलीच्या स्टुडिओत फोटोग्राफर मुलगी होती. "अंकल, आधार कार्ड नाहीये हे. रिलॅक्स!"

गायकवाड आणखी ताठ. पाठीमागचा एक चिमटा उडून लाईटच्या छत्रीवर आपटला. तरी तो हलला नाही.

शेवटी फोटो झाला. तिने कॉम्प्युटरवर दाखवून विचारलं, "सुरकुत्या काढून टाकू?"

"नको. भेटीत दिसणारच. मग खुलासा कोण देणार?"

*

फोटो झकास आला. पण मंडळाकडे देण्याआधी हा तो घेऊन ओळखीच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे गेला आणि त्यावर सही-शिक्का घेऊन आला! "साक्षांकित नसेल तर हा मीच, कशावरून?"

मंडळाच्या बाई फोनवर ओरडल्या, "अहो, शिक्का हनुवटीवर आलाय!" आम्ही कपाळाला हात लावला. एवढी यातायात करून सगळं मातीत.

तरी तोच फोटो आंबिवलीच्या एका बाईंकडे गेला. त्या नगरपालिकेच्या आस्थापना विभागातून निवृत्त. चार दिवस काहीच नाही. गायकवाड कट्ट्यावर यायचा आणि सारखा फोन बघायचा. मग उत्तर आलं : "साक्षांकित फोटो मिळाला. पडताळणीसाठी अर्जदाराने समक्ष हजर राहावे."

मुलाने स्कूटरवरून नेऊन सोडलं. बाईंनी फोटो आणि माणूस आळीपाळीने न्याहाळले, चहा दिला आणि म्हणाल्या, "कळवते."

आता मुलगाच रोज विचारतो, "बाबा, आलं का काही?"

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.