गुडघ्यासाठी तीन सोप्या वाटा आणि बाबांचं पित्त

लिगामेंटच्या ऑपरेशनला पाच महिने झाले तेव्हा फिजिओने मला एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या: सपाट रस्त्यावर चाळीस मिनिटं सलग चालणं, हलक्या गिअरवर सायकल आणि शेवटी एक छोटी चढण. तीन रविवार, तीन परीक्षा. गुडघा सुजला नाही तर थंडीत ग्रुपबरोबर परत किल्ल्यांवर जायचं, सुजला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. उतार मात्र पूर्ण बंद, खाली यायला रिक्षाच करायची. पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरलेल्या बाईने डोंबिवलीच्या आसपास फिरायचं म्हणजे अपमानच. पण पाच महिने खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं रंगकाम बघितल्यावर अपमानही गोड वाटतो.

एकटीने जायचं नाही, ही आईची अट. म्हणून सोबतीला बाबा. वय एकोणसत्तर, आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, अजूनही कुणी वाकून बसलं की पाठीवर थाप मारतात. त्यांच्यामुळे मला घाई होईल अशी माझी भीती होती. झालं उलटंच.

पहिला रविवार कोपरचा. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून खाडीच्या दिशेने निघायचं. जाणार असाल तर सातच्या आत जा, नंतर डंपर सुरू होतात आणि तोंडात धूळ जाते. सोबत काठी ठेवा, कुत्री स्वतःला रस्त्याची मालक समजतात. ओहोटी असेल तर नाकाला रुमाल लागतो. पण बांधावर बगळे आणि उघड्या चिखलात तुरुतुरु पळणारे खेकडे बघितले की आपण लोकलच्या मार्गापासून पंधरा मिनिटांवर आहोत हे खरं वाटत नाही.

हे सगळं मला नीट बघता आलं, कारण बाबा दर नऊ-दहा मिनिटांनी थांबत होते. एकदा जाळं विणणाऱ्या माणसाशी गप्पा मारायला, एकदा बुटाची नाडी बांधायला, एकदा खंड्या दाखवायला. मला काही तो खंड्या दिसला नाही. प्रत्येक वेळी माझं घड्याळ पॉज व्हायचं आणि चाळीस मिनिटांचे तुकडे पडायचे. परतताना त्यांनी टपरीवर जिरा सोडा घेतला, सकाळी पावणेआठला. म्हणाले, पित्त झालंय. आमच्या घरात डोकं दुखलं तरी पित्त, झोप लागली नाही तरी पित्त, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. गुडघा सुजला नव्हता, मी त्याच आनंदात होते.

दुसरा रविवार सायकलचा. डोंबिवलीहून कल्याणला सायकलने जाण्याचं धाडस दोन्ही गुडघे धड असले तरी करू नका. कल्याण पश्चिमेला मामेभाऊ राहतो, त्याच्या घरून दोन सायकली घेतल्या आणि गांधारीच्या पुलाकडे निघालो. पूल ओलांडला की शहर एकदम संपतं. शेतं, वीटभट्ट्या, पहाटे निघालेले सायकलवाले आणि कडेला वडापाव. वडापाव चांगला आहे, चटणी मात्र जपून घ्या.

पुलाच्या चढावरच बाबा उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. चेन उतरते म्हणाले. मी मागे वळून आले, वाकून बघितलं, चेन जागच्या जागी होती. पुढे सहा मिनिटांनी पुन्हा उतरले. मग पुन्हा. रसवंतीपाशी मी गुडघ्यावर ठेवायला बर्फ मागत होते आणि हे बाकावर बसून शर्टाचं वरचं बटण काढून वारा घेत होते. सोडा मिळाला नाही म्हणून लिंबू पिळलेला रस प्यायले. तिथे माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुम्हाला जमत नसेल तर घरी बसा. माझी परीक्षा बिघडवू नका."

रसवाल्याने चरक थांबवून आमच्याकडे बघितलं. परतीच्या वाटेवर बाबा एकदाही उतरले नाहीत, आणि मी स्वतःवर खूश होऊन पॅडल मारत राहिले.

तिसरा रविवार येऊरचा. ठाणे स्टेशनहून उपवनला बस मिळते, रिक्षाही मिळते. तळ्यापासून वर जाणारा डांबरी रस्ता चढाचा आहे, पण पायाला सोपा. दोन्ही बाजूंना झाडं, माकडं, आणि फोनवर मोठ्याने भजन लावून चालणारे काका. खायचं काही हातात धरू नका, माकडं हिसकावून नेतात.

बाबा त्या दिवशी निमित्तं देत नव्हते. तीन मिनिटं चालायचे, उभे राहायचे, पुन्हा चालायचे. मी पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मनातल्या मनात चरफडायची. दुसऱ्या वळणावर वळून बघितलं तर ते कठड्यावर बसलेले. चेहरा राखाडी, शर्ट घामाने चिकटलेला, उजवा हात छातीवर घट्ट दाबलेला. पित्त आहे म्हणाले, थोडं बसलो की जाईल.

फोनला रेंज नव्हती. वर जाणाऱ्या दोन गाड्यांना हात केला, एकही थांबली नाही. फिरायला आलेलं एक वयस्कर जोडपं बाबांजवळ थांबलं आणि मी खाली धावत सुटले. उतारावर, डांबरावर, ज्या गुडघ्याला मी पाच महिने तळहातावर जपलं होतं त्याच्यावर. दोनदा काहीतरी कटकन वाजलं. मला फक्त एवढं कळत होतं की रिक्षा हवी.

तळ्यापाशी उभ्या रिक्षावाल्याने येऊर म्हटल्यावर मान हलवली.

"तिकडून रिकामं यायला लागतं, मॅडम."

मी त्याला सांगितलं की वर माझे वडील बसलेत, त्यांच्या छातीत दुखतंय. त्याने तोंडातला मावा थुंकला आणि मी नीट बसायच्या आत रिक्षा सुरू केली. हॉस्पिटलच्या दारात भाडं द्यायला वळले तेव्हा तो निघून गेला होता.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होतोय? बाबा म्हणाले, आजच. मी मनगटावरचं घड्याळ सोडून डॉक्टरांच्या हातात दिलं. कोपर, गांधारी, येऊर. कुठे किती मिनिटांनी थांबलो, किती वेळ थांबलो, सगळं त्यात होतं. जे बघून मी पंधरा दिवस चिडत होते ते त्यांनी एकदा वाचलं आणि नर्सला हाक मारली. दुपारपर्यंत दोन स्टेंट बसले.

आता घरी दोन पेशंट आहेत. गुडघा टम्म सुजलाय, फिजिओने तो कागद फाडून नवा दिलाय, आणि थंडीत ग्रुप माझ्याशिवाय जाईल. तिन्ही वाटा मात्र खरोखर सोप्या आहेत, गुडघेवाल्यांनी जरूर जा. फक्त सोबतच्या माणसाच्या चेहऱ्याकडे अधूनमधून बघा, घड्याळाकडे बघून सगळं कळत नाही.

बाबा घरी आल्यावर मी त्यांना झापलं. दोन आठवडे छातीत दुखत होतं, एकदा तरी सांगायचं होतं. त्यांनी उशी नीट केली आणि शांतपणे म्हणाले, "तू पाच महिन्यांनी घराबाहेर पडत होतीस. मी घरी बसलो असतो तर आईने तुलाही जाऊ दिलं नसतं."

माझा राग अजून गेलेला नाही. कुणावरचा आहे, तेवढंच ठरत नाही.