मांडीतली गाठ मी कोणापासून लपवली?

अंगावरची गाठ तुम्ही कोणापासून लपवता आहात, आणि कशासाठी?

मला असेच काहीसे नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले. बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा, निकाल आला होता. "सार्कोमा आहे. मांसात वाढणारा कॅन्सर. पाय मांडीतून काढावा लागेल. बोराएवढी होती तेव्हा कुठे होतास?"

तेव्हा मी सभांत बोलत होतो.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या बोरीच्या वस्तीतले देव मीच टोपलीत भरून अडाण नदीत सोडले. मरीमायचा शेंदरी दगड जड होता. तो पायाने डोहात ढकलला. म्हातारा दगडूबा तेवढा जुन्या देवांत राहिला होता. काठावरून म्हणाला, "तिले पाय लावला तू. पाय सांभाळ, बाबू." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

पुढच्या वर्षी त्याच पायाच्या मांडीत गाठ लागली. दुखत नव्हती.

देवीचा कोप नसतो, असे मी पत्रकांत लिहीत होतो. गाठ दिसली तर लोक म्हणतील, पाहा, झाला कोप. म्हणून धोतर सोडून पायजमा घातला. नदीवरची आंघोळ बंद केली. लंगडू लागलो तेव्हा आईला सांगितले, सायकलवरून पडलो. असे आठ महिने. देवीला मी भीत नव्हतो. लोक पुन्हा तिला भितील, याला भीत होतो.

गाठ नारळाएवढी झाली. पाय टेकेना. आई गाडी मागत फिरली. मिळाली ती दगडूबाची. स्टेशनापर्यंत मी त्याच्या टोमण्याची वाट पाहिली. अर्ध्या वाटेत त्याने बैल थांबवले.

"देवीचं देवी पाहील. पन दवाखाना तर सरकारचा हाय ना? तू शिकेल मानूस. काहून नाही गेलता?"

 

यवतमाळला एक्स-रे काढला. तिथून नागपूर. पाय गेला. आता छातीच्या फोटोत दोन डाग दिसतात. त्यांच्याविषयी बोलताना डॉक्टर खिडकीकडे पाहतात. बरा होशील, असे कोणी म्हणत नाही. आईने दोन्ही चपला अजून पिशवीत जपल्या आहेत.

माझा पाय गेल्याचे कळताच वस्तीतल्या दोन घरांनी मरीमायचा दगड डोहातून वर काढला, हेही तिनेच सांगितले. ज्याच्या भीतीने मी गप्प बसलो, ते माझ्या गप्प बसण्यानेच घडले.

आज आंघोळीला बसाल तेव्हा अंगावरून हात फिरवा. गाठ लागली तर, दुखत नसली तरी, उद्याची पहिली मोटार धरा. आणि हा मजकूर वाचता न येणाऱ्या एकाला वाचून दाखवा. तुमच्या वस्तीतल्या दगडूबापासून सुरुवात करा. तो गाडी जुंपून देईल.