गल्लीत बसलेलं भजन

देवासहून बस निघाली तेव्हा शेजारच्या गंगाबाई तंबोरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे त्यांना ठाऊक. "तू खाली (फक्त) मंजीरा बजाजे," म्हणत त्यांनी छोटे टाळ हातात दिले, तेव्हा कुठे मी तयार झाले.

मानपूरचा घाट उतरल्यावर हवा तापली, कापसाची शेतं लागली. धरमपुरीच्या पुढे नर्मदेकाठी गंगाबाईंच्या बहिणीचं गाव. ते डूबमध्ये (धरणाच्या पाण्याखाली) जाणार होतं. सरकारी माणसं घरं मापायला यायची होती. भिंतीवर लाल आकडा पडला की घर गेलं, असं सगळे म्हणत.

बहिणीने ज्वारीची रोटी आणि अंबाडीची भाजी वाढली. अगदी माझ्या आईच्या हातची चव.

दुपारी होडीतून साहेब उतरले. तोवर सगळं गाव गल्लीत आडवं बसलं होतं आणि गंगाबाईंनी निर्गुणी भजन उचललं होतं. बसलेलं भजन तिकडे कोणी मोडत नाही, त्याच्या मधून चालत नाही. साहेबही त्याच मुलखातले. चपला काढून कडेला उभे राहिले.

"बठी जावो भाई," एक म्हातारे म्हणाले. "भजन उठ्या पछी (उठल्यावर) नापजो."

"कब तक चलेगा, दादा?"

"गळो चले तब तक."

साहेबांनाही हसू आलं. ते बसले.

एकाचं संपायच्या आत दुसरा उचलायचा. ऊन कलायला लागलं तसे गळे बसत चालले. गंगाबाईंना खोकला सुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, अबे (आता) थारी बारी."

भजन थांबलं असतं तर साहेब उठले असते. मला भजनं येत नव्हती. आईची जात्यावरची ओवी तेवढी आठवली. मान खाली घालून तीच म्हटली. तिच्यात गोदावरी होती, मी नर्मदा घातली. बायकांना मराठी कळत नव्हतं, पण नदीचं नाव आलं की त्या माझ्यामागून म्हणायच्या. मग मी पुन्हा म्हणायची, आणि पुन्हा.

शेवटी अंधारून येताना होडीवाल्याने हाक मारली. साहेबांनी तंबोऱ्याला हात जोडले आणि टेप गुंडाळून गेले.

"कल फेर आवेगा," बहीण म्हणाली.

"तो कल फेर बेठांगा," गंगाबाई म्हणाल्या, आणि चहा मागितला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "आवाज का बसलाय गं?"

"गायले."

"तू?" म्हणून हे हसत आंघोळीला गेले. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि ती ओवी पुन्हा म्हटली, न्हाणीघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नर्मदाच राहू दिली.