दोन-दहाचा हात

अव्वाला माणसांची नावं आठवायची नाहीत, मापं आठवायची. उदगीरच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात तिच्या हातांतून गेलेले होते. माझी आई, म्हणजे अव्वाची धाकटी बहीण, दोन-चार. माझी बायको दोन-सहा. पुरुषांना स्वतःचं माप नसल्यामुळे आम्ही बायकोच्या मापानं ओळखले जायचो. मी कॉलेजात शिकवायला लागलो, डॉक्टरेट मिळवली, पण भर बाजारात हाक यायची ती, "ए दोन-सहावाल्या, हिकडं ये." विद्यार्थी मागं वळून कोण ते शोधायचे आणि मी चपळाईनं बोळात शिरायचो.

बोलण्यात मात्र ती फार कंजूस. गिऱ्हाईक बाई सासूची कहाणी लावून बसली की अव्वा तिच्या मनगटावरची नजर न काढता म्हणायची, "बोलू नगं, सांग." म्हणजे रंग सांग, किती डझन ते सांग आणि वाट धर. पहाटे ती दार लावून पूजेला बसायची. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही आणि त्या वेळी कुणी कडी वाजवली तर दिवसभर त्याच्याशी अबोला. आमच्या सगळ्यांची तिच्याशी बोलायची वेळ त्यामुळे चहानंतरची होती.

पुढं तिच्या हातांना कंप सुटला. बांगडी चढवताना काचा फुटायला लागल्या तेव्हा तिनं दुकान भाड्यानं दिलं आणि मागच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. एकदा गरम वरणाचं पातेलं पायावर आलं. पुण्याहून तिचा मुलगा, बसवराजदादा, रजा टाकून आला तो लॅपटॉप घेऊनच. पुण्याला नेणं, वृद्धाश्रम, बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई, रोज घरी येणारी नर्स असे सगळे पर्याय त्यानं रंगीत चौकोनांत मांडले होते. प्रत्येकाचे फायदे हिरवे, तोटे लाल. अव्वानं पाच मिनिटं ते बघितलं.

"बोलू नगं, सांग," ती म्हणाली.

"अव्वा, तुला कोण संभाळणार ते ठरवायचंय."

"हाव. पर माणूस मी बघणार. मी म्हणीन तेच."

पुणं पहिल्याच दिवशी बाद झालं. "सुनंचा हात चांगला हाय," अव्वा म्हणाली, "पर ती पोरगी सकाळच्यालाच बस धरती." सुनेच्या बसचा आणि अव्वाच्या सांभाळण्याचा काय संबंध, ते आम्हाला कळलं नाही. दादानं तो चौकोन पुसला.

मग आम्ही लातूरचा एक वृद्धाश्रम बघायला गेलो. स्वच्छ फरशी, बाग, जेवण चांगलं. व्यवस्थापक बाईंनी सगळं फिरून दाखवलं आणि शेवटी काही शंका आहेत का म्हणून विचारलं. अव्वा म्हणाली, "हात दाव." बाईंनी चटकन हात पुढं केला. अव्वानं त्यांच्या तळहातावर आपला थरथरता डावा हात ठेवला आणि डोळे मिटून बसली. बाईंचा गैरसमज झाला. "मुलाचं लग्न कधी जमेल, आज्जी?" त्यांनी हळूच विचारलं. बातमी स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि आम्ही निघेपर्यंत आचारी, माळी, दोन मदतनीस मुली असे सगळे हात पुसून ओळीत उभे. अव्वानं एकेकाचा हात तपासला, माळ्याच्या हाताशी जरा थांबली, आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "न्हाई." दादानं पत्ता लिहून घेतलेला कागद काचेतून बाहेर टाकला आणि लगेच गाडी थांबवून उचलून आणला, कारण वॉचमन बघत होता.

नांदेडच्या एका एजन्सीनं गणवेशातली मुलगी पाठवली. तिनं अव्वाच्या हाताखाली हात धरला खरा, पण दुसऱ्या हातातला मोबाइल वाजला तशी ती अंगभर हलली. "हिचं ध्यान दुसरीकडंच लागून राहिलंय," अव्वा म्हणाली. मग आली शिकलेली नर्स. तिनं अव्वाचा हात असा घट्ट आवळून धरला की थरथर बंद झाली. आम्ही खूश. अव्वानं हात सोडवून घेतला आणि मनगट चोळत म्हणाली, "चोराला धरल्यावाणी कामून धरती?" दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "उभा जन्म बांगड्या भरण्यात गेला, माप घेतल्याशिवाय तिला माणूस पटतच नाही. कुणीही आणा, ती नाहीच म्हणणार." मलाही तसंच वाटत होतं.

आणि मग जळकोटहून सुंदराबाई आली. उंबऱ्यातच सुरू झाली. बस कशी चुकली, कंडक्टर काय म्हणाला, तिचा नवरा कशानं गेला, भावजय कशी आहे, भावजयीची म्हैस कशी आहे. दादानं कपाळाला हात लावला. गप्पांचा आणि अव्वाचा उभा दावा. ही तर दुपारपर्यंतही टिकायची नाही. अव्वा म्हणाली, "हात दाव." सुंदराबाईनं हात पुढं केला, अव्वानं त्यावर आपला ठेवला. म्हशीची गोष्ट चालूच राहिली. म्हैस व्याली, रेडकू झालं, ते आजारी पडलं, बरं झालं, पण खालचा हात जागचा हलला नाही. बाईची सगळी हालचाल जिभेत गेल्यामुळे हातापर्यंत काही पोचतच नसावी.

"दोन-दहा," अव्वा डोळे उघडून म्हणाली. "हीच."

दादा भडकला. हिला बीपीचं मशीन लावता येत नाही, कुठलं प्रमाणपत्र नाही, आणि ही बडबड! "अव्वा, तुला हिची कटकट सोसायची न्हाई."

"कान माझे हायत," अव्वा म्हणाली.

कारण कळायला आठवडाही लागला नाही, कारण सुंदराबाईच्या पोटात काही राहत नसे. आमच्याकडे लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, आणि रोज ते डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची असते. स्वामींशिवाय दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. अव्वाचा तोच हात कापत होता. बंद दाराआड एकदा ते तळहातावरून घसरून खाली पडलं होतं. त्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून ती काही जेवली नव्हती, आणि मी तिला पोटाच्या गोळ्या नेऊन दिल्या होत्या. "लई रडल्या हो त्या दिशी, त्यांनीच सांगितलं मला," सुंदराबाई दारात उभी राहून आम्हाला सांगत होती. "आता मी खाली हात धरते, त्यांच्या हाताला फकस्त. पूजा होईस्तोर गप बसायची बोली हाय. बाकी दिवसभर बोलायची मुभा हाय." आतून अव्वा ओरडली, "ए दोन-दहा, बोलू नगं!"

दादा पायरीवर बसला. जेवण, आंघोळ, गोळ्या, ती पडली तर कोण उचलेल, सगळं आम्ही विचारात घेतलं होतं. तिला सकाळी उठून काय करायचं असतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सुंदराबाईनं आम्हा दोघांना चहा दिला आणि भावजयीच्या म्हशीचं पुढं काय झालं ते ऐकवलं.

त्यानंतर अव्वा बरीच वर्षं होती आणि मजेत होती. मी संध्याकाळी गेलो की दोघींचं भांडण चाललेलं असे. सुंदराबाई बीपीचं मशीन शिकली, पण आकडा सांगण्याआधी प्रस्तावना करायची. अव्वा "सांग, सांग" करत चिडायची आणि त्यानंच बीपी चढायचं. पण एकदा सुंदराबाई दोन दिवस गावी गेली, तर अव्वानं मला बोलावून घेतलं आणि कधी नव्हे ते म्हणाली, "दोन-सहावाल्या, काहीतरी बोल की." मी कॉलेजातल्या बदल्यांचं सांगितलं, तर तिला झोप लागली.

ती गेली तेव्हा पहाट उलटत होती. आमच्यात माणसाला बसवून निरोप देतात. आंघोळ घालून, भस्म लावून तिला भिंतीशी बसवली. स्वामी आले, त्यांनी इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बेल वाहिला. सुंदराबाई शेजारी बसली होती, हात अव्वाच्या हाताखाली. घर माणसांनी भरलेलं, कुणीकुणी सुंदराबाईला विचारत होतं, काय झालं, कसं झालं. ती एकालाही उत्तर देत नव्हती.

दादा तिच्याजवळ वाकला. "सुंदराबाई, उठा आता. अव्वाचा हात आता हलत न्हाई."

"ठाऊक हाय दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "पूजा होऊ द्या. मग उठते."