आप्पांची सहा काड्यांची काठी

फाट! आणि मागोमाग लांबलचक चर्रर्र. अणदूरला हायवेच्या कडेला मी सायकलचं दुकान टाकलं, त्या दिवशी शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून हा आवाज आला. हातातली ट्यूब तशीच टाकून मी पळत गेलो. वाटलं, कुणाची तरी खाट मोडली. आत एक माणूस कोयता घेऊन उभा बांबू फोडत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, “सायकलवाले काय? बसा.”

मी बसलो. या गोष्टीला किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण तिथून मी काही उठलो नाही.

ते आमचे आप्पा. बुरूडकाम करतात. सुपं, टोपल्या, कणग्या सगळ्या गावाला करून देतात. पण त्यांचं नाव झालं ते मासे धरायच्या काठीनं. बांबूच्या सहा पातळ काड्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेली काठी. पुण्या-हैदराबादहून लोक शोधत येतात. आमची बैठक त्या शेडपुढच्या लिंबाखाली. आप्पा, फौजेतून आलेले सुभेदार, धरणावर जाळं टाकणारा रशीदभाई आणि मी. मी फार बोलत नाही. ऐकतो. बोलणारा माणूस आपल्या गोष्टी सांगून मोकळा होतो, ऐकणाऱ्याच्या घरी मात्र साचत जातात. आता माझ्याकडं ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सांगतो.

*

सुरुवात सुभेदारांच्या काठीनं झाली. रिटायर होताना त्यांना त्यांच्या मेजरनं आपली काठी दिली होती. तिचं टोक मोडलं, म्हणून ते दुरुस्तीला आप्पांकडं आले. “जपून हं आप्पा, विलायती हाय,” असं दहादा बजावून गेले.

आप्पांनी तोवर तसली काठी बघितलेली नव्हती. बांबू तर दिसतोय, पण आत पोकळी नाही. वाकते, पण मोडत नाही. त्यांना चैन पडेना. त्यांनी घंगाळात कढत पाणी घेतलं आणि काठी त्यात उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले. शेडपुढं पोत्यावर सहा काड्या उन्हात वाळत घातलेल्या.

“माझी काठी कुठं हाय?”

“ही काय,” आप्पा म्हणाले. “बघून घ्या. एक बी कमी न्हाय.”

सुभेदार माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले. मी पाणी दिलं. ते दोन लढायांतून आलेले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी दोन तांबे पाणी संपवलं. पुढं दिवाळीपर्यंत ते रोज संध्याकाळी यायचे. दवाखान्यात पेशंटला बघायला येतात तसे. काड्यांकडं बघायचे, सुस्कारा टाकायचे आणि जायचे. दिवाळीला आप्पांनी काठी जोडून दिली. आणि तिच्यासारखी दुसरी, स्वतः केलेली, शेजारी ठेवली.

सुभेदारांनी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. मग मला हळूच विचारलं, “मिस्त्री, ह्यातली माझी कुठली हो?”

*

या काठीचा प्रकार निराळाच. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी बांधायची. दोराच जड असतो. काठीनं तो हवेत मागं-पुढं खेळवायचा आणि माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसला तर फसला.

एकदा धरणावर शेजारच्या शिवारातला एक शेतकरी बराच वेळ उभा राहून सुभेदारांकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, दिवसाला किती किलो होतात?

सुभेदार म्हणाले, कधी एक मासा, कधी तो पण नाही.

आणि एक लागला तर?

परत पाण्यात सोडतो, सुभेदार म्हणाले.

त्या माणसानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. फार काळजीनं विचारलं, “मग घरी काय सांगता?”

*

बांबूच्या बाबतीत आप्पांना लाजलज्जा नाही. भरीव, सरळ, लांब पेराचा बांबू दिसला की ते बोटाच्या गाठीनं ठोकून बघणार. कुणाची शिडी असो, कुणाच्या गोठ्याचा आडवा वासा असो.

मुरुम गावी एका ओळखीच्याच्या पोरीचं लग्न होतं. आम्ही दोघं गेलो. अक्षता पडायच्या आधी आप्पा दिसेनात. बघतो तर मांडवाच्या एकेका खांबाला कान लावून ठोकत चाललेले. नवरदेवाकडची माणसं बाजूला सरकून उभी. त्यांना वाटलं, मांडव पडतोय की काय!

एका खांबापाशी आप्पा थांबले. पुन्हा ठोकलं. मग सरळ नवरीच्या बापापुढं जाऊन म्हणाले, मांडव उतरवला की तो दारातला खांब मला द्या.

बाप आधीच घामाघूम. म्हणाला, “आप्पा, तुमी आहेर करायला आलाय का न्यायला?”

मांडवपरतणी होईपर्यंत खांब हलवता येईना. आप्पा मुरुमलाच राहिले. नवरी सासरी जाऊन माहेरी परत आली, तेव्हा आप्पा पुढच्या सोप्यात जेवायला बसले होते.

*

काड्या चिकटवण्याआधी सारख्या भाजाव्या लागतात. नाहीतर काठीला ताठपणा येत नाही. चुलीवर एक बाजू काळी, एक कच्ची. बरेच बांबू वाया गेले. तेव्हा आप्पांच्या लेकीनं, महानंदानं, तोड काढली. ती माहेरीच असते, सुपं विणण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात नाही. तिनं काड्यांचा भारा बांधला आणि गावातल्या बेकरीवाल्याकडं नेला. पाव काढून झाले की भट्टीत जी ऊब उरते, त्यात ठेवला. काड्या मधाच्या रंगाच्या होऊन आल्या.

फक्त एक झालं. त्या काठीला खारी बिस्किटाचा वास यायला लागला. पुण्याच्या गिऱ्हाइकानं दोनदा हुंगून बघितली आणि आमच्याकडं बघितलं.

रशीदभाई म्हणाला, “ले जाव साहेब. आता मासे चहा घेऊन येतील.”

सगळे हसले. त्या हसण्यातच महानंदा म्हणाली की तासायचं कामही मला शिकवा. आप्पांचं हसू थांबलं. “सुपं तुझी. सरस लावणं, बांधणं बी तुझं. रंधा माझा,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या हातची काठी माझ्या नावानं जायची न्हाय.”

तुमच्यानंतर कोण, हे आम्हा तिघांच्याही ओठावर आलं होतं. कुणी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो प्रश्न लिंबाखाली आमच्यात येऊन बसलाच.

*

आमचा खंडोबा वर्षातले दोन महिने नळदुर्गच्या देवळात मुक्कामाला असतो. तेव्हा गाव जरा शांत, हवा कोरडी. आप्पांचं बारीक काम त्याच दिवसांत चालतं. एका वर्षी देव परत यायच्या दिवशी त्यांनी दोन बांबूंच्या काड्या वेगवेगळ्या बांधून खाटेवर ठेवल्या आणि पालखीला गेले. घरी जत्रेचे पाहुणे. कुणालातरी टेकायला जागा हवी होती. त्यानं दोन्ही भारे एकत्र करून कोपऱ्यात उभे केले.

दोन बांबू एका काठीत आले. ती काठी फेकली की दोरा डावीकडं जायचा. काही करा, डावीकडंच!

काठी नीट झाली नाही की आप्पा ती गुडघ्यावर मोडतात आणि चहाच्या चुलीत घालतात. ही पण गुडघ्यावर घेतली होती, तेवढ्यात रशीदभाईनं ओढून घेतली. त्याच्या नेहमीच्या जागी पाण्यात डाव्या हाताला एक बुडालेली बाभळ आहे. तिच्या मागं मोठी मरळ राहायची. जाळं तिथं फाटायचं, सरळ दोरा पोचायचा नाही. या काठीचा दोरा आपोआप वळून बाभळीमागं उतरला. रशीदभाई मरळ खांद्यावर टाकून गावभर हिंडला.

मग रोज आप्पांच्या मागं. “आप्पा, आणखी एक वाकडी करा ना. माझ्या पोराला.”

आप्पांनी शेवटी घेतली करायला. मुद्दाम दोन बांबूंच्या काड्या मिसळल्या. काठी तयार झाली, धरणावर नेली, फेकली. दोरा सरळ गेला, दोरी मारल्यासारखा.

रशीदभाईनं मान हलवली. “काय आप्पा, हात बिघडला तुमचा.”

*

सुभेदारांचा एक नियम आहे. मासे ते सगळेच सोडतात, पण वितीपेक्षा लहान लागला तर त्याला बजावायचं. नुसता सोडायचा नाही, तर “जा बाबा, मोठा होऊन ये” असं म्हणून सोडायचा. धरणावर मेंढरं घेऊन येणारा एक म्हातारा धनगर हे रोज ऐकायचा. कधी काही बोलायचा नाही.

एकदा वारा उलटा होता. सुभेदारांनी काठी मागं घेतली आणि पुढं फेकली तर दोरा येईना. वळून बघतात तर गळ त्या म्हाताऱ्याच्या पटक्यात. पटका निम्मा सुटून हवेत. सुभेदारांना तोंड कुठं लपवावं कळेना.

म्हातारा हलला नाही. दोन्ही हात जोडून म्हणाला, “सोडा साहेब. म्या अजून वितीएवढा बी न्हाय.”

*

आता गेल्या थंडीतली गोष्ट.

आप्पांच्या हातातली बशी वाजायला लागली होती. ऐकू सगळ्यांना यायचं, पण आम्ही मोठ्यानं बोलायचो. त्यातच सुभेदारांनी सांगितलं की त्यांना एक शेवटची काठी हवी. गुडघे गेले, आता फार वर्षं धरण होणार नाही. आप्पांनी लगेच बांबू काढला.

सकाळी ते तासायचे. काडी एके ठिकाणी पातळ व्हायची. ते ती उजेडात धरून बघत बसायचे आणि खाली ठेवायचे. दुपारी जेवून झोपायचे. तेव्हा महानंदा रंध्याशी बसायची. बिघडलेली काडी चुलीत घालायची, त्याच बांबूची दुसरी फोडायची आणि तासायची. माझ्या दुकानाच्या आणि शेडच्या मधला पत्रा एका जागी फाटलेला आहे. तिनं मला बघताना बघितलं.

“मिस्त्रीकाका,” ती म्हणाली, “तुमी पंक्चर काढा.”

मी पंक्चर काढलं.

काड्या सहा झाल्या. सरस तिनंच लावला, दोऱ्यानं आवळून वाळत टांगल्या, गळाचा दोरा ओवायच्या कड्या बसवल्या. मुठीच्या वर आप्पा लाल रेशमी दोऱ्याचे वेढे देतात. त्याचा कामाला काही उपयोग नाही. ती त्यांची सही. ते वेढे त्यांनी स्वतः दिले. सगळी सकाळ गेली. त्यावर वार्निश मारायचं राहिलं होतं, पण सुभेदारांना धीर नव्हता. ऊन उतरल्यावर आम्ही सगळे धरणावर गेलो.

आप्पांनी काठी हातात घेतली. फेकण्याआधी ते डोळे मिटून अंगठा टोकापासून मुठीपर्यंत फिरवतात. तसा फिरवला. मध्येच थांबले. पुन्हा टोकाला गेले, पुन्हा खाली आले.

“माझा रंधा गाठीपाशी दम घेतो,” ते डोळे न उघडता म्हणाले. “हितं कुणी दम घेतला न्हाय.”

रशीदभाई जाळं सोडवत होता. त्याचे हात थांबले.

“कुणाचा हात हाय हा?”

“माझा,” महानंदा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला नाही. “तुमचा हात हलतोय आप्पा.”

इतक्या महिन्यांत हे कुणी त्यांना तोंडावर सांगितलं नव्हतं. पाण्यावर नुसता वारा होता.

आप्पा दगडावर बसले. काठी गुडघ्यावर आडवी घेतली, दोन्ही हात दोन बाजूंना. सुभेदार त्या दुखऱ्या गुडघ्यांवर अर्धे उठले.

“आप्पा, माझी हाय ती.”

“तुमची हाय,” आप्पा म्हणाले. “माझी न्हाय.”

पण त्यांनी ती मोडली नाही. कंबरेची लहान सुरी काढली. लाल दोऱ्याचं टोक शोधलं, तोडलं आणि एकेक वेढा उलगडत गेले. हात हलत होता, म्हणून वेळ लागला. कुणी मदत केली नाही. दोरा निघाल्यावर त्यांनी तो बोटाला गुंडाळला आणि खिशात ठेवला. मुठीवरची तेवढी जागा उघडी पडली.

ते उठले. काठी सुभेदारांना दिली नाही. महानंदापुढं आले, तिच्या हातात ठेवली, सहीची ती उघडी जागा वर येईल अशी फिरवली. आणि बांधावरून गावाकडं चालू लागले.