समाधानरावांचं येऊ घातलेलं औषध

आमच्या शहरातल्या शनवारा भागात शेतीऔषधांचं दुकान चालवणारे समाधानराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, प्रतिभाचे, यजमान. बारावी सायन्सला दोनदा नापास झाले. पण बोलायला लागले की वाटावं, कॅन्सरचं औषध यांच्याच गोदामात तयार होतं.

प्रतिभाच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, कॅन्सर आहे, ऑपरेशन लवकर करा. आणि आमच्या पाव्हण्यांनी काढला मोबाईल!

"ताई, आरएनएचे नॅनोकण येऊ राहिले. आरएनएचा धागा दुमडून एवढुशी पुडी बनवतात, तिच्यात औषध. पुडी सीधी गाठीलाच जाऊन चिकटते, बाकी अंगाला धक्का नाही. आपण सगळ्या बागेवर फवारा न मारता केळफुलातच सुई टोचतो ना, तसंच. चिरफाड कशाला? थोडं थांबू."

थोडं म्हणता म्हणता तीन महिने! दुकानात येईल त्याला हेच पुडीपुराण. माणसं मान डोलवायची आणि आपला माल घेऊन सटकायची. इकडे बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली. मी चिडले की प्रतिभा म्हणायची, "जाऊ दे ताई, त्यांना कळतं त्यातलं." कळतंय डोंबल! पण मीही गप्प बसले, हे माझं चुकलंच.

मग एक दिवस फोपनार गावचा कौतिक दुकानात आला. त्याच्या केळीवर हरण्या रोग पडलेला, पानांवर पिवळे पट्टे.

"भाऊ, नवी दवाई येईपावतर थांबू का?"

समाधानराव उखडले. "पागल झाला का? बागभर पसरेल! आजच्या आज उपट ती झाडं!"

प्रतिभा त्यांचा डबा घेऊन तिथंच उभी होती. तिनं डबा ठेवला आणि तडक माझं घर गाठलं. "ताई, उद्या दवाखान्यात चल माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी पाव्हणेही मागोमाग हजर. डॉक्टरीणबाईंनाच पुडी समजावू लागले! बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"संशोधन खरं आहे, चांगलंही आहे. पण अजून चाचण्या चालू आहेत, यांना आज देता येईल असं त्यात काही नाही. ऑपरेशन मात्र करता येतं. तीन महिन्यांपूर्वी सोपं होतं, आता काखेतही पसरलंय."

पाव्हण्यांनी मोबाईल खिशात घातला. "प्रतिभा, ऑपरेशन म्हटलं की मला धडकीच भरायची गं. म्हणून ते सगळं..."

मला वाटलं, आता ही त्यांचीच समजूत काढत बसणार, जन्मभर तेच केलंय तिनं. पण तिनं ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढं ओढून सही केली.

"भीती तुम्हाला वाटली," ती म्हणाली, "आणि महिने माझे गेले."