कुलवृत्तांतातला कैदी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं काकांनी मनावर घेतलं आणि माझ्या खापरपणजोबांपुरता मजकूर मला पाठवला: 'व्यापारानिमित्त परदेशी गेले, तेथेच वारले.' पुढे मृत्यूचं साल. वाचून माझं डोकंच फिरलं. राणीच्या राज्यातला गरीब गवंडी तो. कसला डोंबलाचा व्यापार करणार?

खरं काय ते काकांना ठाऊक होतं, कारण कागद मीच पाठवले होते. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात एक मोडी पत्र निघालं. पुण्यातल्या एका जाणकार बाईंकडून मी ते वाचून घेतलं. खापरपणजोबांनी ते सिंगापूरच्या तुरुंगातून, लिहिता येणाऱ्या एका सोबत्याकडून लिहवून घेतलं होतं. दुष्काळात पाटलाच्या पेवातले जोंधळे काढले म्हणून जन्मठेप झाली. इथे विटा भाजतो, भिंती बांधतो. पोराला दात आले का ते कळवा. खाली तारीख आणि त्यांचा कैदी नंबर होता.

मी सिंगापुरातच राहते, बेडोकला. नोकरी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. रजा टाकून कैद्यांच्या जुन्या नोंदींच्या फिल्म्स बघत बसले. चौथ्या दिवशी खापरपणजोबा सापडले. नाव वेडंवाकडं लिहिलेलं, पण नंबर तोच, धंदा गवंडी. गुन्ह्याच्या रकान्यात नुसतं 'दरोडा'. जोंधळ्यांचं नावही नाही. मला तिथेच रडू फुटलं. घरी लेकीला सांगितलं तर तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मग तुझ्याआधी तेच आले ना इथे, आई. ही वॉज फर्स्ट, लाह!"

तेव्हा काकांची ती ओळ वाचल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहा समोर ठेवून फोन लावला.

"कैदी लिहा, काका. कैदी, गवंडी, सिंगापूर. आणि मृत्यूचं साल चुकलंय. पत्र त्याच्या नंतरचं आहे."

"चुकलेलं नाही," काका म्हणाले. "त्यांना नेलं त्याच वर्षी घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून सगळी क्रिया उरकली. पत्र आलं ते मागाहून. उत्तर दिलं असतं तर क्रिया खोटी पडली असती, असं आजोबा सांगायचे."

माझा चहा तसाच राहिला.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात पोरींची लग्नं व्हायचीत. आणि तू दिल्या घरची, तुला काय त्याचं?"

"दिली म्हणून रक्त बदललं नाही माझं. खोटंच छापायचं असेल तर माझं नाव गाळा. बाबांचंही गाळा."

 काका हळूच म्हणाले, "लोकांना काय तोंड दाखवू? आमचा माणूस चोर होता, असं सांगू?"

"त्यांनी जोंधळे चोरले, काका. आपण जिवंत माणसाचे दिवस घातले. लाज वाटायचीच असेल, तर त्याची वाटू द्या."